तांबडी रेघ

गेल्या वर्षी गणपतीच्या सुटीनंतर शाळा उघडली, त्या पहिल्याच आठवड्यात नववीच्या वर्गातल्या एका मुलाने मला एक प्रश्न विचारला आणि मला त्याचे उत्तर देता आले नाही. मास्तराला उत्तर येऊ नये ह्यात नवल काही नाही. आमच्या धंद्यात ते रोजचेच आहे, आणि त्यावरचे "उद्या सांगतो" हे रामबाण औषधही आम्हांला तोंडपाठ असते. परंतु ह्या खेपेचा उद्या उगवायला मला जवळजवळ दोन महिने लागले. आणि उगवला तोही अर्धाच.

मुलाच्या डोक्यात विमान शिरले होते. कुठल्याशा जुन्या वर्तमानपत्राच्या कात्रणात त्याने कॅप्टन अमोल यादवांची हकीकत वाचली होती. वाचकांपैकी पुष्कळांना ती ठाऊक असेल. हा गृहस्थ पेशाने वैमानिक. मुंबईत कांदिवलीला चारकोपमध्ये राहत्या इमारतीच्या गच्चीवर त्याने विमान बांधावयास घेतले. लग्नाच्या मांडवाला पुरणार नाही एवढी ती जागा! आधीचे दोन प्रयत्न फसले. तिसरे विमान सहा आसनांचे झाले, आणि २०१६ च्या फेब्रुवारीत ते सुटे करून क्रेनने गच्चीवरून खाली उतरवले तेव्हा मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते पाहावयास माणसांची रीघ लागली. पुढे नोंदणीसाठी आणि परवान्यासाठी सरकारदरबारी खेटे. २०१७ च्या नोव्हेंबरात नोंदणी झाली, उडण्याचा परवाना हाती यावयास २०१९ चा ऑक्टोबर उजाडला, आणि धुळ्याच्या धावपट्टीवर चाचणीची उड्डाणे २०२० साली झाली. प्रयत्नाला हात घातला होता १९९८ साली. म्हणजे बावीस वर्षे. एवढ्या काळात आमच्या गावच्या एका पुलाची फक्त कोनशिला बसली आहे, असो.

तर मुलगा म्हणाला, "सर, मी माझ्या पैशानं विमान बांधलं, मीच त्यात बसलो, आणि पडलो तर मीच मेलो. ह्यात दुसऱ्या कोणाचं काय गेलं? सरकार मधे का येतं?"

वर्ग हसला. मी "उद्या सांगतो" म्हटले.

मी मराठीचा मास्तर. शिक्षण मॅट्रिकच्या पलीकडे नाही. लिहितो ते कादंबऱ्या. विमानात आजवर एकदाच बसलो आहे आणि तेव्हाही डोळे मिटून. परंतु तो प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना. प्रथम वाटले, उत्तर सोपे आहे : विमान कोणाच्या तरी कौलांवर पडेल म्हणून. पण मुलाला ते पुरले नसते. तो म्हणाला असता, मी समुद्रावर उडवीन. आणि समुद्र काय, आमच्या रत्नागिरीला मुबलक आहे.

म्हणून मी आमच्या विज्ञानाच्या सहकाऱ्याला विचारले की, घरी बांधलेले विमान पडते तरी कशाने? त्याने पुस्तके दिली, समजावले, आणि पुष्कळ कारणांत एक असे सांगितले की ते ऐकून मला माझीच एक जुनी गोष्ट आठवली व त्या रात्री झोप लागली नाही. ती गोष्ट पुढे येईल. आधी ते कारण.

दिवाळीचा आकाशकंदील तुमच्या दारात आता लागलाच असेल. त्याच्या खालच्या झिरमिळ्यांकडे जरा पाहा. वारा मंद असला की त्या एका बाजूला कलतात आणि तशाच राहतात. वारा थोडा वाढला की आणखी कलतात. परंतु एका विशिष्ट वेगाला, वारा अगदी एकसारखा असूनही, त्या अकस्मात फडफडू लागतात. वाऱ्याला ताल नाही. ताल झिरमिळीने धरला. वारा नुसता ताकद पुरवतो, आणि ती ताकद कशी घ्यावयाची हे झिरमिळी ठरवते. विमानाचा पंख हे ह्या झिरमिळीचे सख्खे नव्हे, पण चुलत भावंड खरे. बाहेरून तो लोखंडासारखा ताठ दिसतो, पण तो वाकतो आणि पिळतोही. विशिष्ट वेगाच्या खाली हवा त्याची प्रत्येक थरथर विझवून टाकते, जशी पाण्यात हात घातला की हाताची कंपने विझतात. त्या वेगाच्या वर तीच हवा थरथरीला खतपाणी घालते. वाकणे पिळण्याला चेतवते आणि पिळणे वाकण्याला. दर हेलकावा आधीच्याहून मोठा. वैमानिकाला "हे काय?" म्हणावयाला सवड असतेच असे नाही, दोन-तीन सेकंदांत शेपूट किंवा पंख मोकळा होतो. इंग्रजीत ह्याला फ्लटर म्हणतात. आपण फडफड म्हणू. शब्द आपलाही काही कमी नाही.

ह्यातली मला सर्वांत भयंकर वाटलेली बाब ही की हे ताकदीचे काम नव्हे. अमेरिकेत टॅकोमा नावाच्या ठिकाणी १९४० च्या जुलैत एक झुलता पूल खुला झाला आणि त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला तो पिळवटून पाण्यात पडला. वारा होता ताशी सुमारे ६४ किलोमीटर. आमच्या आषाढाला अशा वाऱ्याची लाज वाटेल! २०२० च्या जूनमध्ये 'निसर्ग' वादळ आले तेव्हा ताशी शंभराच्या पुढचे वारे सुटले होते आणि दापोली-मंडणगडकडची छपरे उडाली. परंतु ते वाऱ्याच्या दांडगाईने उडाले, वाऱ्याने ढकलले म्हणून. टॅकोमाचा पूल ढकलला गेला नाही. तो स्वतःच नाचू लागला आणि नाचता नाचता मोडला. पुलापेक्षा मजबूत बांधकाम करूनही तो वाचला असता असे नाही. तो अधिक ताठ, पिळण्याला अधिक नाराज असा हवा होता. मजबूत आणि ताठ हे दोन गुण आपण एकच समजतो, माणसांच्या बाबतीतसुद्धा.

विमानाच्या पंखाच्या मागच्या कडेला बिजागरीवर हलणारे फाळके असतात, ज्यांनी विमान वळते, वर-खाली होते. त्यांत एक गंमत आहे. फाळक्याचे वजन बिजागरीच्या मागे असले तर पंख वर उचलला जाताना ते जडपणाने मागे, खाली रेंगाळते. खाली रेंगाळलेले फाळके पंखाला आणखी वर ढकलते. पंख खाली येताना उलट. म्हणजे चुगलखोर नोकरासारखे ते प्रत्येक भांडणात तेल ओतते. ह्यावर उपाय म्हणून बिजागरीच्या पुढच्या अंगाला शिसे बसवतात आणि फाळके तागडीसारखे तोलतात. हा तोल इतका नाजूक असतो की घरी बांधलेल्या विमानाला हौसेने रंगाचा एक जाड हात जास्त दिला, तरी बिजागरीमागचे वजन वाढून तो बिघडू शकतो. म्हणून रंग दिल्यावर फाळके पुन्हा तोलून पाहावे असा दंडक आहे. बिजागरी ढिली झाली, दांड्यांच्या सांध्यांत थोडी खेळ आली, तरी तेच. १९१६ साली विलायतेत हँडले पेज कंपनीच्या दोन इंजिनांच्या मोठ्या विमानाची शेपूट उडताना भयंकर थरथरू लागली, तेव्हा तपासाअंती असे दिसून आले की शेपटीची डावी-उजवी फाळकी एकमेकांना जोडलेलीच नव्हती, प्रत्येक आपल्या मनाने हलत होते. दोघांना एका नळीने घट्ट जोडले आणि थरथर गेली. ह्या रोगाचा एवढा जुना इतिहास आहे.

आता रेघ. विमानात वेग दाखवणारी तबकडी असते. तिच्यावर हिरवा पट्टा असतो, त्या वेगात कसेही जा. मग पिवळा, तिथे हवा शांत असेल तरच जा. आणि पिवळ्याच्या टोकाला एक तांबडी रेघ. तिच्यापलीकडे कधीही जाऊ नये. पिवळ्यासारखी "जपून" अशी सूट तिला नाही. मला वाटले होते, ही रेघ जिथे विमान मोडते तिथे मारत असतील. तसे नाही. लहान विमानांच्या बाबतीत रीत अशी आहे की चाचणीत विमान ज्या वेगापर्यंत निर्धास्त गेले असेल, त्याच्या नऊ-दशांशाच्या वर ही रेघ मारावयाची नाही. म्हणजे मोडण्याचा वेग त्या तबकडीवर कुठेच नाही! तो पुष्कळदा कोणालाच ठाऊक नसतो. रेघ सांगते ती एवढेच, की इथपर्यंतचे आम्ही पाहिले आहे आणि त्यातही थोडे हातचे राखले आहे.

शिवाय ती तबकडी सरळ खरे बोलत नाही. ती मोजते हवेचा दाब. उंचावर हवा विरळ, म्हणून काटा कमी दाखवतो. दहा हजार फुटांवर काटा १०० दाखवत असेल तेव्हा विमान वस्तुतः ११६ च्या आसपास वेगाने हवा कापत असते. विमान उचलून धरण्याच्या हिशेबाला काट्यावरचा आकडा चालतो. परंतु फडफडीला खऱ्या वेगाशी फार मोठे कर्तव्य असते. हौशी माणूस घरच्या विमानात मोठे इंजिन घालतो, उंच जातो, काटा रेघेच्या आतच आहे म्हणून खुशीत असतो, आणि रेघ त्याने केव्हाच ओलांडलेली असते. इंजिन मोठे घातले म्हणजे पंख मोठा होत नाही, हे वाक्य मी त्या पुस्तकावरून माझ्या वहीत उतरवून ठेवले आणि नंतर लक्षात आले की पुस्तकात ते नव्हतेच, ते माझे मलाच सुचले होते.

आता माझी गोष्ट.

बारा वर्षांपूर्वी माझ्याकडे एक जुनी स्कूटर होती. तिचे हँडल थोडे ढिले झाले होते. आमच्या मिस्त्रीने पुढचे चाक उचलून हँडल हलवून पाहिले आणि म्हणाला, "गुरुजी, कोनसेट गेलाय. नवीन बसवेपर्यंत चाळीसच्या वर नेऊ नका." महिनाअखेर होती. नवा कोनसेट पगारानंतर बसवू म्हटले. पहिला आठवडा चाळीस पाळले. मग एक दिवस शाळेला उशीर झाला आणि पंचेचाळीस गेलो. काही झाले नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा पंचेचाळीस. पुढच्या आठवड्यात अठ्ठेचाळीस. काही झाले नाही. पगार झाला, पण त्यात दुसरेच काही निघाले, आणि एव्हाना माझी खात्री पटली होती की मिस्त्री ही जात जरा जास्तच भित्री असते.

मे महिना होता. पावसला मेहुण्यांच्या बागेतून हापूसची पेटी घेऊन घरी येत होतो. पेटी मागे बांधलेली, मुलगा पुढे उभा, वय वर्षे सहा. उतार लागला. किती वेगात होतो ते पाहावयाला मी काट्याकडे पाहिले नाही. पन्नासच्या पुढे खास असेन. एकदम हँडल डावी-उजवीकडे थरथरू लागले. मला वाटले, आता थांबेल. थांबले नाही. दर हेलकाव्याला वाढतच गेले. माझ्या दोन्ही मुठी त्यावर असून ते माझे नव्हते. मागे पेटीचे वजन, म्हणून पुढचे चाक हलके झालेले, हे आज कळते. त्या क्षणी एवढेच कळले की गाडीने आपला ताल धरला आहे आणि मी तिच्यावर केवळ बसलेला आहे. रस्त्याकडेच्या जांभ्याच्या गडग्यावर आम्ही आदळलो.

मला खरचटले. मुलाचा उजवा कोपर मोडला. आज तो अठरा वर्षांचा आहे आणि तो हात अजून पुरता सरळ होत नाही. क्रिकेटमध्ये डाव्या हाताने चेंडू टाकतो. घरी पोचल्यावर, म्हणजे इस्पितळातून घरी, सौभाग्यवतीने मला एकच विचारले : "अहो, मिस्त्री काही म्हणाला होता का?" मी "नाही" म्हणालो. हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. ह्या अंकात ती वाचेल.

मिस्त्रीचे चाळीस हे कुठून आले होते? त्याने काही गणित केले नव्हते. त्याने अशा पंधरा-वीस गाड्या पाहिल्या असतील, त्यांतल्या काही पन्नासला थरथरल्या असतील, काही साठला. त्याने हातचे राखून चाळीस सांगितले. आणि मी काय केले? अठ्ठेचाळीसला काही झाले नाही हा पुरावा म्हणून धरला. काही न होणे हा पुरावा असतो खरा, पण तो त्या वेगाचा, त्या दिवसाचा, त्या रस्त्याचा, आणि मागे पेटी नसतानाचा. मी तो पुढच्या सगळ्या दिवसांना लावला. माझा दोष वेगाने जाण्यात होता असे मला आता वाटत नाही. राखून ठेवलेले जे हातचे होते ते मी माझी मिळकत समजून खर्च केले, आणि ते खर्च करताना समोर माझा मुलगा उभा होता.

मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मला इथे थोडेसे सापडले असे वाटले. 'मीच मेलो' हे वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहे, परंतु आयुष्यात त्याचे वाक्यपृथक्करण वेगळे होते. २०११ च्या सप्टेंबरात अमेरिकेत रेनो येथे विमानांच्या शर्यतीत एक जुने लढाऊ मस्टँग विमान, मालकाने वेगासाठी पुष्कळ फेरफार केलेले, शर्यतीच्या वेगात असताना त्याच्या शेपटीवरची एक लहानशी पट्टी फडफडू लागली. चौकशीत निघाले ते असे : ती पट्टी धरणाऱ्या स्क्रूंचे नट जुनेच होते, त्यांच्या आतली पकड झिजली होती, स्क्रू ढिले पडले होते, आणि मोठमोठे फेरफार करून त्यांची नोंद नाही, शर्यतीच्या वेगाला पुरेशी चाचणी नाही. वैमानिक चौऱ्याहत्तर वर्षांचा, मुरलेला गडी होता. तो गेला, आणि त्याच्याबरोबर पाहावयास आलेली दहा माणसे गेली. साठांहून अधिक जखमी झाली. नट तो केवढा!

तरीही मी मुलाला हे सांगितले तेव्हा तो हार मानावयास तयार नव्हता, आणि मला त्याचे कौतुक वाटले. तो म्हणाला, "पण सर, कोणीच कधी पुढे गेलं नसतं तर ती रेघ मारली कशी असती?"

हा प्रश्न पहिल्याहून अवघड आहे. कारण तो खरा आहे. रेघ आकाशातून पडत नाही. कोणी तरी तिथवर गेलेले असते. जर्मनीत १९३५ साली फॉन श्लिपे नावाच्या माणसाने उडत्या विमानाची थरथर पद्धतशीर मोजण्याची चाल पाडली. विमान मुद्दाम थरथरवावयाचे, वेग थोडा वाढवावयाचा, पुन्हा थरथरवावयाचे, आणि थरथर किती मोठी होते ते नोंदत जावयाचे. आकडे वाढू लागले की पुढचा धोका आधीच दिसतो, अशी ती कल्पना. काही विमाने अशी तपासली गेली. १९३८ साली युंकर्स ९० हे विमान अशाच चाचणीत फडफडून पडले. म्हणजे जपून जाणारेही मेले. मग माझ्यात आणि त्यांच्यात फरक काय? दोघेही ठाऊक असलेल्या वेगाच्या पुढे गेलो.

मी ह्यावर बरेच दिवस विचार केला आणि माझे मत असे झाले आहे. त्यांनी जाण्याआधी स्वतःला सांगितले होते की आपण रेघेपलीकडे चाललो आहोत. मी स्वतःला सांगितले होते की रेघच खोटी आहे. ते शोधावयास गेले, मी शाळेला उशीर झाला म्हणून गेलो. ते परत आले तेव्हा त्यांच्या वहीत एक आकडा होता, तो दुसऱ्याच्या कामी आला. मी रोज सुखरूप परत येत होतो तेव्हा माझ्याजवळ केवळ थोडा अधिक उद्दामपणा जमत होता. आणि ते जाताना सहा वर्षांचे मूल पुढे उभे करून गेले नाहीत. ह्या शेवटच्या वाक्याला तत्त्वज्ञान म्हणता येणार नाही, पण माझ्या लेखी सारे तत्त्वज्ञान त्याच्या अलीकडे येऊन थांबते.

अमेरिकेतल्या घरगुती विमानांचा कायदा मला ह्या दृष्टीने शहाणा वाटला. विमानाचा अर्ध्याहून अधिक भाग हौशी माणसाने स्वतः शिकण्यासाठी वा मौजेसाठी बांधलेला हवा. बांधून झाले की पहिले २५ तास, इंजिन आणि पंखा मान्यताप्राप्त जोडीचे नसतील तर ४० तास, वस्तीपासून दूर नेमलेल्या टापूत उडवावयाचे, उतारू घ्यावयाचा नाही. ह्या तासांत बांधणाऱ्याने स्वतःच्या विमानाच्या मर्यादा स्वतः शोधावयाच्या : भरपूर उंचीवर, शांत हवेत, पाठीवर छत्री बांधून, वेग थोडा थोडा वाढवीत, प्रत्येक पायरीवर दांड्याला हलकी टिचकी मारून थरथर किती चटकन विझते ते पाहत. विझावयाला वेळ लागू लागला की परत फिरावयाचे. त्यानंतरही विमानात कायमची पाटी, की बाबा, हे विमान इतर विमानांच्या नियमांत बसणारे नाही. ज्याला बसावयाचे त्याने वाचून बसावे. ह्यात सरकार मरण्याची मनाई करीत नाही. दुसऱ्याला न सांगता त्याचे हातचे खर्चण्याची मनाई करते.

आपल्याकडे ह्या विषयाची गंमत वेगळीच आहे. विमान म्हटले की आपला माणूस शिवकर बापूजी तळपदे काढतो आणि १८९५ साली चौपाटीवर उडालेल्या विमानाची कथा सांगतो. त्या काळच्या कागदपत्रांत त्याला भरवशाचा आधार मिळत नाही, आणि ज्या वैमानिक शास्त्राच्या नावाने ती सांगतात त्या ग्रंथातली विमाने उडूच शकणार नाहीत, असे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ सालीच दाखवून दिले आहे. पण माझी तक्रार दुसरी आहे. त्या कथेत विमान पंधराशे फूट उंच जाते, पडते, सगळे होते. परंतु ते किती वेगापर्यंत न्यावे हे कोणी तपासल्याचे कथेत कुठेही नाही. बनवलेली गोष्ट अशीच ओळखावी. खऱ्या विमानाच्या गोष्टीत कंटाळवाणी वही असतेच. यादवांच्या बावीस वर्षांतली किती वर्षे अर्ज-नकाशांत गेली ह्याचा आपल्याला राग येतो. मलाही येतो, कारण त्यातली काही निव्वळ टेबलावर धूळ खात गेली असतील. परंतु तपासणीचा राग आणि दिरंगाईचा राग हे दोन वेगळे राग आहेत. मुलाच्या डोक्यात ते एक झाले होते. माझ्याही पुष्कळ वेळा होतात.

शिवाय बांधणाऱ्याने आपलेच काम आपण तपासावे ह्यात एक अडचण आहे, ती मी अनुभवाने सांगू शकतो. माझ्या दुसऱ्या कादंबरीची मुद्रिते मी तीनदा वाचली. पुस्तक आले तेव्हा मुखपृष्ठावर माझ्याच आडनावातली वेलांटी चुकलेली होती. मी ती तिन्ही वेळा पाहिली असणार. आपण काय लिहिले आहे ते मी वाचत नव्हतो, काय लिहावयाचे होते ते वाचत होतो. नट आवळणाऱ्याचे डोळे ह्याहून निराळे कसे असतील?

दसऱ्याच्या सुटीत तो मुलगा पुठ्ठ्याचा एक पंख घेऊन माझ्या घरी आला. हातभर लांब, मागच्या कडेला कापडी बिजागरीवर लोंबणारे फाळके. म्हणाला, "सर, विमान नंतर. आधी फडफड बघायची." माझा मुलगा घरीच होता. मग तिघांनी मिळून बेत केला. पहाटे वारा पडलेला असताना सड्यावरच्या निर्मनुष्य, सरळ रस्त्यावर गेलो. स्कूटर आता दुसरी आहे, हँडल घट्ट आहे. तरी मी चाळीसच्या वर नेत नाही, आणि मुलगा त्यावरून माझी थट्टा करतो. त्याने मागे बसून बांबूच्या काठीला बांधलेला पंख डाव्या हाताने बाहेर धरला. धाकटा कडेला उभा राहून वहीत लिहीत होता.

वीसला पंख शांत. पंचवीसला शांत. तीसला शांत. पस्तीसला फाळके एकदम करकरू लागले आणि मी वेग कमी करीपर्यंत बिजागरीचे कापड फाटले होते.

आम्ही परत आलो तेव्हा त्याने वहीत हिशेब मांडलेला होता : पस्तीस, वजा दहावा हिस्सा, साडेएकतीस. त्याखाली तांबड्या पेन्सिलीने रेघ. मी काही बोलण्याआधी माझा मुलगा म्हणाला, "पस्तीस नाही घ्यायचे रे. पस्तीसला तुटलं. शांत गेलेलं शेवटचं तीस. तीसमधून तीन."

"पण एकतीसला तुटलं नसतंच."

"बघितलंस?"

धाकट्याने साडेएकतीस खोडून सत्तावीस लिहिले. लिहिताना त्याच्या तोंडावर नाराजी स्पष्ट होती. साडेचार किलोमीटर फुकट गेले ना!

मग कापड नवे लावले, आणि मिरकरवाड्याहून आणलेल्या, जाळ्याला लावतात त्या शिशाच्या गोळ्या त्याने फाळक्याच्या पुढच्या अंगाला चिकटवल्या. हातावर तोलून पाहिले, एक गोळी कमी केली. पुन्हा स्वारी निघाली. तीस, पस्तीस, चाळीस. फाळके हलले देखील नाही. धाकटा रस्त्यात नाचला. "सर, आता पंचेचाळीस! नुसतं एकदाच!"

मागून माझ्या मुलाने काही म्हटले नाही. आरशात मला त्याचा काठी धरलेला हात दिसत होता. मी गाडी वळवली आणि स्टँडवर लावली. धाकट्याने थोडा वेळ वाट पाहिली, मग वहीत चाळीसपुढे 'शांत' लिहिले, खाली छत्तीसवर रेघ मारली, आणि पंचेचाळीसचा रकाना आखून तो तसाच कोरा ठेवला.